पुस्तक उंबरठ्यापर्यंत कसे आले



शेंदूरजनाघाटच्या माणसाला संत्र्याची पेटी म्हणजे काय हे समजावून सांगण्याची गरज नाही. बगीचात फळ कितीही गोड धरले, तरी ते तोडून, निवडून, पेटीत भरून गाडीवर चढविल्याखेरीज गिऱ्हाइकाच्या घरी जात नाही. आता लाकडी पेट्यांच्या जागी प्लास्टिकचे कॅरेट आले, पण नियम तोच राहिला. पुस्तकाचेही असेच आहे. मराठीत मुलांसाठी पुस्तके छापली जाऊ लागली त्याला आता दोनशे वर्षे होत आली. तरीसुद्धा हमालाच्या, मजुराच्या, बगीचात तोडाईला जाणाऱ्या बाईच्या मुलाच्या हाती शाळेच्या पुस्तकाखेरीज दुसरे पुस्तक क्वचितच दिसते. ते का दिसत नाही, आणि ज्यांनी ते अशा घरापर्यंत पोचविले त्यांनी ते कसे पोचविले, याचा थोडा इतिहास स्मरणिकेच्या निमित्ताने आपणांपुढे ठेवावा असे मनात आले.

आधी एक आठवण सांगतो. मी ज्या शाळेत शिकलो तेथे काचेच्या दाराचे एक लाकडी कपाट होते. शाळेचे नाव सांगण्याचे कारण नाही, कारण अशी कपाटे पुष्कळ शाळांतून होती. काचेतून पुस्तकांच्या पाठी दिसत. एका पाठीवर वाघाचे चित्र होते, ते अजून डोळ्यांसमोर आहे. वर्षातून एकदा तपासणीच्या आदल्या दिवशी कपाटाचे कुलूप निघे, पुस्तके झटकली जात आणि पुन्हा कुलूप लागे. कारण एकच सांगितले जाई : पोरे फाडतात. सहा वर्षांत ते वाघाचे पुस्तक माझ्या हाती आले नाही. दहावीनंतर दाखला आणायला गेलो तेव्हा कपाटाचा खालचा अर्धा भाग वाळवीने खाल्लेला होता. पोरांनी फाडली असती तर निदान वाचून फाडली असती!

वाचकहो, या कुलपाचा इतिहास मोठा जुना आहे.

इ. स. १८१९ ते १८२७ या काळात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन हा मुंबई इलाख्याचा गव्हर्नर होता. त्याच्या प्रोत्साहनाने १८२२ साली मुंबईत देशी शाळा व शाळापुस्तकांसाठी एक मंडळी स्थापन झाली. जुन्या मराठीत तिला ‘हैंदशाळा पुस्तक मंडळी’ म्हणत. कॅप्टन जॉर्ज जर्व्हिस हा तिचा एक चिटणीस आणि सदाशिव काशिनाथ ऊर्फ बापू छत्रे हे तिचे एतद्देशीय चिटणीस. याच छत्र्यांनी १८२८ साली इसापच्या गोष्टी मराठीत आणल्या आणि त्याच वर्षी ‘बाळमित्र’ हे मुलांचे पुस्तक सिद्ध केले. मूळ पुस्तक फ्रेंच, त्याचे इंग्रजी, आणि इंग्रजीवरून मराठी. म्हणजे मराठी मुलाची गोष्ट तीन घरे फिरून आली. त्यापूर्वी पंतोजीच्या शाळेत धुळाक्षरे, मोडी, पावकी-निमकी आणि तोंडपाठ. मुलाने स्वतः उघडून वाचावे असे छापील पुस्तक नव्हतेच.

या प्रारंभीच्या काळातले एक नाव आपल्या मुलांना अवश्य ठाऊक असावे. ते म्हणजे मुंबईचे कोकणी मुसलमान मुहम्मद इब्राहीम मकबा. हे भाषा शिकविणारे मुनशी होते. त्यांनी १८२३ साली हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण लिहिले आणि त्याला ‘तोहफा-ए-एल्फिन्स्टन’ असे नाव दिले. पुढे १८४० साली मुंबई इलाख्याचे शिक्षण-मंडळ, म्हणजे बोर्ड ऑफ एज्युकेशन, स्थापन झाले तेव्हा त्यावर जे तीन हिंदी सभासद घेतले, त्यांत जगन्नाथ शंकरशेट व फ्रामजी कावसजी यांच्याबरोबर मकबा होते. मुसलमान आधुनिक शिक्षणात मागाहून आला, असे आपण वारंवार ऐकतो व ऐकून मान खाली घालतो. एकंदर समाजाविषयी ते खोटे नाही. परंतु आरंभीच्या पंगतीत आपला एक माणूस बसलेला होता, एवढे ध्यानात असावे.

मंडळीने पुस्तके केली, छापली, शाळांकडे धाडली. पण ती धाडली कोणाकडे? ज्यांच्या घरात आधीच अक्षर होते त्यांच्याकडे. १८८२ साली हंटर आयोग आला. त्याच्यापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिले. रयतेच्या घामातून येणारा पैसा वरच्या थरातील मुलांच्या शिक्षणावर खर्च होतो, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच आयोगाने मुसलमानांच्या शिक्षणाकडे खास लक्ष द्यावे अशीही शिफारस केली. मुंबईत बद्रुद्दीन तय्यबजी व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या आधीच, १८७४ साली, अंजुमन-इ-इस्लाम स्थापन केलेली होती. आपल्यासारख्या लहान संस्था हे त्या झाडाचे नसले तरी त्याच जातीचे कलम होय.

आता आपल्या वऱ्हाडकडे वळू. अकोल्याचे बाबुजी देशमुख वाचनालय १८६० सालचे, अमरावतीचे नगर वाचनालय १८६७ सालचे. इतक्या लवकर ही वाचनालये निघाली याचा वऱ्हाडच्या माणसाला अभिमान वाटावा. तथापि त्या काळची वाचनालये म्हणजे वर्गणीदारांची वाचनालये. वर्गणी भरावी, अनामत ठेवावी, आणि मग पुस्तक घरी न्यावे. वकील, कारकून, शिक्षक, व्यापारी यांना हे जमे. जिनिंगमध्ये कापूस वाहणाऱ्याला कसे जमणार? त्याला कोणी अडविले नव्हते, पण बोलावलेही नव्हते. आणि त्याच्या पोराला बोलावण्याचा तर विचारच कोणाच्या मनात नव्हता. वाचनालय ही मोठ्या माणसांनी वर्तमानपत्र वाचण्याची जागा समजली जाई.

हे चित्र पालटण्याचा पहिला मोठा प्रयत्न एका मराठी राजाने केला, पण महाराष्ट्राबाहेर. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड हे मूळचे नाशिक जिल्ह्यातील कौळाण्याचे, शेतकरी घरातले. १८७५ साली बाराव्या वर्षी ते दत्तक गेले तेव्हा त्यांचे शिक्षण जवळजवळ झालेलेच नव्हते. लिहिणे-वाचणे राजवाड्यात आल्यावर शिकले. मला नेहमी वाटते, ज्याला अक्षराची भूक उशिरा लागली, त्यालाच दुसऱ्याच्या भुकेची कल्पना येते. १८९३ साली त्यांनी अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला व १९०६ साली तो सर्व संस्थानाला लागू केला. येथवर पुष्कळांना माहीत असते. त्यापुढचे फारसे सांगितले जात नाही.

सक्तीच्या शाळेतून मूल चार इयत्ता शिकून बाहेर पडते, आणि घरात पुस्तक नसल्यामुळे चार-पाच वर्षांत सगळे विसरून पुन्हा अंगठ्यावर येते. शाळा काढून एवढा पैसा खर्च करायचा आणि तो असा वाळूत मुरू द्यायचा, हे महाराजांना पटेना. अमेरिकेच्या प्रवासात त्यांनी तेथील सार्वजनिक ग्रंथालये पाहिली होती. १९१० साली त्यांनी विल्यम बोर्डन नावाच्या अमेरिकन ग्रंथपालास बडोद्यास आणले. राजवाड्यातील स्वतःची पुस्तके देऊन मध्यवर्ती ग्रंथालय उभे केले. मुलांसाठी त्यात निराळा विभाग होता. तेथे चित्रांची पुस्तके आणि खेळ ठेवलेले असत. ज्या काळात मुलाने बोलू नये अशी शिस्त होती, त्या काळात ग्रंथालयात खेळ ही कल्पनाच धाडसाची होय.

परंतु खरी गंमत पुढे आहे. बडोदे शहरातील इमारत कितीही भव्य असली तरी खेड्यातला मुलगा तेथे येणार कसा? म्हणून त्यांनी मजबूत लाकडी पेट्या करविल्या. त्यांत निवडक पुस्तके भरून त्या खेडोपाडी पाठविल्या जात. गावच्या शाळेचा मास्तर किंवा कोणी जबाबदार गृहस्थ पेटी उघडी. ठरावीक मुदतीने ती पेटी परत जाई व दुसरी येई. वाचणाऱ्याला पैसा पडत नसे. पेटी नेण्या-आणण्याचा खर्चसुद्धा संस्थानचा. ज्या गावाला आपले कायमचे ग्रंथालय पाहिजे असेल त्याने काही रक्कम गोळा करावी, तेवढीच प्रांत पंचायतीने घालावी आणि तेवढीच सरकारने द्यावी, असा नियम होता. म्हणजे गावाला फुकटखाऊही केले नाही आणि एकटेही सोडले नाही. ज्यांना वाचता येत नव्हते त्यांच्यासाठी चित्रे दाखविणारी निराळी शाखा होती. या सर्व खटाटोपाची हकीकत जनार्दन सखाराम कुडाळकर या तेथील अधिकाऱ्याने १९१९ साली पुस्तकरूपाने लिहून ठेवली आहे.

त्या पेट्या माझ्या मनात घर करून आहेत. एरवी शाळा, दवाखाना, कचेरी येथे गरिबाने चालत जायचे असते. येथे पुस्तक चालत आले.

पुढे मद्रास इलाख्यात मन्नारगुडी येथे १९३१ साली कनकसभाई पिल्ले या गृहस्थांनी चक्क बैलबंडीवर ग्रंथालय बसविले. ग्रंथालयशास्त्राचे आचार्य रंगनाथन यांचा त्याला पाठिंबा होता. आपल्याकडे बंडी म्हणजे शेणखत आणि कडबा वाहण्याचे साधन! तीच बंडी गावोगाव पुस्तके घेऊन फिरत होती, हे आपल्या शेतकरी बांधवांना ऐकून नवल वाटेल.

स्वातंत्र्यानंतर कायदे झाले. कोल्हापूर संस्थानाने तर त्याआधीच १९४५ साली ग्रंथालयाचा कायदा केला होता. महाराष्ट्र राज्याचा १९६७ सालचा. त्याच वर्षी पुण्यास पाठ्यपुस्तक मंडळ, म्हणजे आपली बालभारती, स्थापन झाली. तिची पुस्तके मराठीप्रमाणेच उर्दूतही निघतात, आणि सर्व शिक्षा अभियानापासून ती आठवीपर्यंतच्या मुलांना विनामूल्य मिळू लागली. हे लहान काम नव्हे. माझ्या वर्गातील निम्म्या घरांत जे काही छापील आहे ते बालभारतीचेच. पण पाठ्यपुस्तक आणि पुस्तक यांत फरक आहे. पाठ्यपुस्तक परीक्षेच्या धाकाने उघडले जाते. ते झोपताना कोणी उशाशी घेत नाही.

उशाशी घेण्याजोगे साहित्य आपल्या भाषांत नव्हते असेही नाही. मराठीत ‘आनंद’, ‘चांदोबा’ आणि बालभारतीचेच १९७१ साली सुरू झालेले ‘किशोर’. उर्दूत जामिया मिल्लियाचे ‘पयाम-ए-तालीम’ १९२६ पासूनचे, आणि दिल्लीचे ‘खिलौना’, जे १९८७ साली बंद पडले. पुढे भारताचे राष्ट्रपती झालेले डॉ. झाकीर हुसेन यांनी ‘अब्बू खाँ की बकरी’ ही गोष्ट मुलांसाठी लिहिली. एवढा विद्वान माणूस, पण बकरीची गोष्ट लिहिताना त्याला कमीपणा वाटला नाही. आमच्यातले काही पालक मात्र मुलाच्या हातात गोष्टीचे पुस्तक दिसले की म्हणतात, “अभ्यास सोडके किस्से-कहानियाँ पढता क्या?” पालकहो, रागावू नका, माझे वालिदही हेच म्हणत.

येथे थोडे परदेशात जाऊन येऊ, कारण एक गोष्ट तेथे आपल्यापेक्षा स्पष्टपणे उमगली. १९६६ साली अमेरिकेच्या वॉशिंग्टन शहरात मार्गारेट मॅकनमारा नावाच्या बाई गरीब वस्तीतल्या मुलांना वाचायला शिकवीत. पूर्वी त्या शिक्षिका होत्या. त्यांचे पती तेव्हा देशाचे संरक्षणमंत्री. एके दिवशी त्यांनी जुनी पुस्तके भरून पिशवी नेली व मुलांना सांगितले, ज्याला जे आवडेल ते त्याने ठेवून घ्यावे. मुलांचा आनंद पाहून त्यांना कळले की या मुलांच्या मालकीचे पुस्तक आजवर नव्हतेच. त्यातून मुलांना पुस्तके देऊन टाकणारी मोठी संस्था उभी राहिली. तसेच डॉली पार्टन या गायिकेचे. तिच्या वडिलांना लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांच्या आठवणीने तिने १९९५ साली आपल्या डोंगराळ जिल्ह्यात अशी व्यवस्था केली की मूल जन्मल्यापासून पाच वर्षांचे होईपर्यंत दर महिन्याला एक पुस्तक टपालाने, त्या मुलाच्याच नावाने, घरी यावे. २०१८ साली अशा पुस्तकांची संख्या दहा कोटींवर गेली. मुलाच्या नावाने आलेले टपाल! आपल्याकडे मुलाच्या नावाने आधारकार्डाखेरीज काही येते काय?

उधार दिलेले पुस्तक आणि देऊन टाकलेले पुस्तक यांत काय अंतर आहे, ते या बायांनी ओळखले. उधारीच्या पुस्तकाबरोबर भीती घरी येते. फाटले तर? पावसात भिजले तर? धाकट्याने रेघोट्या ओढल्या तर? ज्या घरात एकच खोली, तीतच चूल आणि तीतच पाच माणसे, त्या घरातली आई काय म्हणेल? “नको आणू बाबा, दंड कोण भरेल!” आपण समजतो की गरिबाला वाचनाची आवड नाही. पुष्कळदा त्याला फक्त दंडाची धास्ती असते.

आपल्या महाराष्ट्रात हे काम झाले नाही काय? झाले. १९९४-९५ च्या सुमारास मुंबईच्या झोपडपट्ट्यांतून ‘प्रथम’ या संस्थेचे काम सुरू झाले. तिच्या संस्थापकांत डॉ. माधव चव्हाण आणि समाजकार्याच्या प्राध्यापक फरीदा लांबे ही दोन नावे आहेत. इमारत बांधायची नाही. वस्तीतच जी खोली, जो ओटा, जे देऊळ वा मदरसा मिळेल तेथे बालवाडी भरवायची, आणि वस्तीतलीच शिकलेली मुलगी शिक्षिका नेमायची, अशी त्यांची रीत. २००४ साली त्यातूनच स्वस्त पुस्तकांसाठी ‘प्रथम बुक्स’ ही निराळी संस्था निघाली. अनेक भाषांत, थोडक्या पानांची, रंगीत, आणि मजुराला परवडतील अशी पुस्तके तिने काढली. प्रथमच्याच पुढाकाराने २००५ पासून ‘असर’ ही पाहणी होऊ लागली. देशातील खेड्यांतून पाचवीत बसलेल्या मुलांपैकी जवळजवळ निम्म्यांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, असे ती सतत सांगत आली आहे. २०२४ च्या पाहणीतही यात फारसा फरक नव्हता. आम्हां शिक्षकांना हा आकडा टोचतो. टोचलाच पाहिजे. पण ज्या मुलाने घरी कधी पान उलटलेले नाही, त्याने फक्त वर्गातल्या पस्तीस मिनिटांत वाचक व्हावे, ही अपेक्षाही मोठीच.

आणि आता आपल्या अगदी जवळचे उदाहरण. औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, मिर्झा अब्दुल कय्यूम नदवी हे पुस्तकविक्रेते आहेत. ‘रीड अँड लीड’ ही त्यांची संस्था. करोनाच्या दिवसांत शाळा बंद होत्या. मोहल्ल्यातली मुले दिवसभर गल्लीत. तेव्हा त्यांची शाळकरी मुलगी मरियम हिने जानेवारी २०२१ मध्ये बायजीपुरा या मोहल्ल्यात मुलांसाठी वाचनालय उघडले. आरंभी पुस्तके साधारण तीनशे. काही तिची स्वतःची, काही वडिलांनी दिलेली. पाहता पाहता दुसऱ्या मोहल्ल्यांतून मागणी आली, आणि दोनेक वर्षांत तीसच्या आसपास वाचनालये उभी राहिली. उर्दू, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सगळीच पुस्तके.

याची थोरवी आकड्यात नाही. मोठ्या ग्रंथालयापर्यंत आपली मुलगी एकटी जाऊ शकत नाही. रस्ता ओलांडायचा, परक्या माणसांत बसायचे, घरचे सोडत नाहीत. मोहल्ल्यातल्या वाचनालयात ती भावाला काखेत घेऊन जाऊ शकते. बडोद्याची पेटी खेड्याच्या शाळेपर्यंत आली होती. ही त्याहून चार पावले पुढे, गल्लीत आली. आणि भाषेचा प्रश्नही तेथे आपोआप सुटला. आमच्या मुलाची घरची बोली एक, शाळेतील उर्दू दुसरी, बाजारातील वऱ्हाडी तिसरी. उर्दू वाचावी की मराठी, यावर आपण सभांतून तासन् तास भांडतो. मुलासमोर दोन्ही पुस्तके ठेवली तर ते चित्र पाहून उचलते, आणि मग अक्षर लावीत बसते. माझ्या अनुभवाने सांगतो, उर्दू वर्गातली मुले मराठी गोष्ट अडखळत का होईना वाचतात, कारण पुढे वाघाचे काय झाले ते त्यांना हवे असते.

संस्थेच्या चालकांपुढे व पालकांपुढे माझी एक मागणी आहे. दरवर्षी स्नेहसंमेलनात आपण पेले आणि ढाली वाटतो. त्या फळीवर ठेवल्या जातात. येत्या वर्षी पहिली ते चौथीच्या प्रत्येक मुलाला एक पुस्तक द्यावे. नंबर आलेल्याला नव्हे, प्रत्येकाला. परत मागू नये. पहिल्या पानावर त्या मुलाचे नाव लिहून द्यावे. आणि शाळेच्या कपाटाला कुलूप असेल तर त्याची किल्ली मुलांपैकी कोणाकडे तरी द्यावी. काही पुस्तके हरवतील, हे मी आजच लिहून देतो.

गेल्या वर्षी मी वर्गात संत्र्याचे एक रिकामे कॅरेट ठेवले. त्यात काही विकत घेतलेली, काही मागून आणलेली मिळून छेचाळीस पुस्तके. अनामत नाही, दंड नाही. नोंद मुलांनीच करायची. पहिल्या दिवशी एकही हात पुढे आला नाही. मग एका मुलाने विचारले, “सर, सच्ची में घर को ले जाऊं क्या?” त्याच्या वर्गमित्रांनीही ‘सच्ची में’ असेच विचारीत पुस्तके उचलली. वर्षअखेर एक्केचाळीस परत आली. एकावर हळदीचे डाग होते, एकाचे मुखपृष्ठ भाताच्या पेजेने चिकटविलेले होते.

ज्या मुलाने पहिल्यांदा विचारले त्याचे पुस्तक न आलेल्या पाचांपैकी होते. मी विचारले तर तो गप्प उभा राहिला. दोन दिवसांनी त्याची आई तोडाईवर जाताना शाळेच्या फाटकाशी थांबली. तिला वाचता येत नाही. म्हणाली, “गुरुजी, रात को ये पढता, मैं और छोटी सुनते. खतम हुआ तो फिर सुरू से पढता. और थोडे दिन रहने देव.” मी बरे म्हटले. नोंदवहीत त्याच्या नावापुढची ‘परत’ची जागा अजून कोरी आहे.